गेटिसबर्गचा सॅक्स पूल: ‘झपाटलेला’ पूल पाहण्याची योग्य रीत

पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्गला जाणारी आपली मंडळी सॅक्स या छत असलेल्या जुन्या लाकडी पुलाची भेट बहुधा उलट्या क्रमाने उरकतात. दिवसभर अमेरिकेच्या यादवी युद्धातील रणभूमी पाहून आणि गावात जेवण आटोपून झाले की कोणाला तरी भुताटकीच्या पुलाची आठवण होते. मग अंधारात गाडी काढली जाते, छताखाली थोडा वेळ हसणे-ओरडणे आणि फ्लॅशचे फोटो होतात, आणि परतताना एखाद्या फोटोत पांढरा गोळा सापडला की त्यावरून घरी पोहोचेपर्यंत वाद चालतो. हा वाद मिटत नाही, कारण वाद घालणाऱ्यांपैकी एकानेही तो पूल उजेडात पाहिलेला नसतो.

पूल आधी दिवसा पाहावा, मग संधिप्रकाशात तेथे थांबावे, आणि इच्छा असेलच तर शेवटी अंधाराचा थोडा वेळ घ्यावा. पुढील सर्व टप्पे याच क्रमाचे आहेत. न्यू जर्सी, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर किंवा वॉशिंग्टन परिसरातून एका दिवसासाठी जाणारे, आणि भारतातून मुलांकडे आलेल्या आईवडिलांना सोबत नेणारे, असे दोन्ही प्रकारचे वाचक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे.

## १. निघण्यापूर्वी: नोंद वेगळी, दंतकथा वेगळी

घरी बसून करण्याचे हे काम सर्वांत जास्त टाळले जाते. एका कागदाच्या डाव्या बाजूला कागदोपत्री सिद्ध असलेल्या गोष्टी लिहाव्यात आणि उजव्या बाजूला लोक सांगतात त्या.

डाव्या बाजूला येणारी माहिती अशी आहे. मार्श क्रीक या ओढ्यावरचा हा लाकडी पूल साधारण 1854 च्या सुमारास बांधला गेला. तो सुमारे 100 फूट लांब असून त्याची रचना ‘टाउन लॅटिस’ पद्धतीची आहे, म्हणजे एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या फळ्यांची जाळी लाकडी खुंट्यांनी जोडून पुलाच्या दोन्ही भिंती केलेल्या आहेत. इथिएल टाउन यांनी या रचनेचे पेटंट 1820 मध्ये घेतले होते. जुलै 1863 मधील गेटिसबर्गच्या लढाईच्या वेळी उत्तरेच्या युनियन सैन्याने आणि माघार घेताना जनरल रॉबर्ट ली यांच्या दक्षिणेच्या सैन्यातील तुकड्यांनीही हा पूल वापरला. 1968 मध्ये तो वाहनांसाठी बंद झाला. जून 1996 च्या अचानक आलेल्या पुराने तो आधारावरून उचलून प्रवाहात खाली नेला, आणि दुरुस्तीनंतर, पूर्वीपेक्षा उंच बसवून, जुलै 1997 मध्ये तो पुन्हा खुला करण्यात आला.

उजव्या बाजूला मुख्यतः एकच कथा येते: दक्षिणेच्या सैन्यातून पळालेल्या तीन सैनिकांना या पुलाच्या तुळयांना फाशी दिले गेले आणि तेच आजही तेथे वावरतात. या फाशीला समकालीन कागदपत्रांचा आधार दाखवला गेलेला नाही. तिच्या जोडीला तंबाखूचा वास, खांद्यावर कोणीतरी थोपटल्याचा भास, दूरवरचे तोफांचे आवाज, अचानक येणारे धुके आणि फोटोंतील प्रकाशगोळे हे अनुभव सांगितले जातात.

हा कागद सोबत न्यावा. एखादा अनुभव आला तर तो उजव्या यादीत आधीपासून होता का, हे लगेच पाहता येते. जे ऐकून गेलो तेच दिसण्याची शक्यता फार मोठी असते.

तपासणी: सोबतच्या प्रत्येकाला ‘फाशी ही दंतकथा आहे, सैन्याची ये-जा ही नोंद आहे’ एवढे माहीत असले पाहिजे. विशेषतः मुलांना हे आधी सांगावे, कारण अंधारात सांगितलेले स्पष्टीकरण त्यांना पटत नाही.

## २. दिवस आणि वेळ ठरवणे

वेळेचे सगळे गणित सूर्यास्तापासून मागे मोजावे. गेटिसबर्गला जूनअखेर सूर्यास्त रात्री पावणेनऊच्या थोडा आधी होतो, ऑक्टोबरअखेर सहा वाजून गेल्यावर, तर डिसेंबरअखेर पाच वाजण्यापूर्वीच. पुलावर सूर्यास्तापूर्वी किमान दीड तास पोहोचावे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि त्या आठवड्यात हमखास कोणीतरी अंधार पडल्यावर पोहोचते, हे ध्यानात ठेवावे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात लढाईच्या स्मरणदिनांमुळे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या पंधरवड्यात हॅलोविनमुळे गर्दी असते. शांतता हवी असेल तर हे दोन्ही काळ टाळावेत. माझ्या मते सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा, आठवड्यातील मधला एखादा वार सर्वांत चांगला. हवा बरी असते, अंधार सोयीच्या वेळी पडतो आणि ओढ्यावर धुके धरण्याची शक्यताही असते.

आदल्या दिवशी मोठा पाऊस झाला असेल, तर बेत पुढे ढकलावा. 1996 चा प्रसंग याच ओढ्याने घडवला होता.

सावधान: पुलापाशी लावलेल्या फलकावर जी वेळ आणि जे नियम असतील तेच अंतिम मानावेत. ‘मागच्या वर्षी आम्ही मध्यरात्री गेलो होतो’ हे मित्राचे सांगणे पोलिसांसमोर उपयोगी पडत नाही.

## ३. सामान

सामान थोडेच असावे, पण पुढील वस्तू राहू नयेत:

- प्रत्येकी एक टॉर्च आणि एक जादा. मोबाइलच्या दिव्यावर भिस्त ठेवू नये, कारण मोबाइल फोटोसाठी लागतो आणि थंडीत त्याची बॅटरी लवकर उतरते.
- पाऊल घट्ट धरणारे, तळवा न घसरणारे बूट, पूर्ण लांबीची पँट आणि वर चढवता येतील असे मोजे.
- डीट (DEET) हे रसायन असलेले कीटकरोधक. पेनसिल्व्हेनियात गोचिडींमुळे लाइम रोग होतो आणि ओढ्याकाठचे गवत ही त्यांची जागा आहे.
- छोटी वही, पेन आणि घड्याळ.
- फोटो काढायचे असतील तर तिपाई. हातात धरून अंधारात काढलेल्या फोटोंतून निघणारे निष्कर्ष मी तरी गंभीरपणे घेत नाही.

मेणबत्ती, उदबत्ती, कापूर, धूप यांतील काहीही नेऊ नये. श्रद्धेने नेले तरी दीडशे वर्षांहून जुन्या वाळलेल्या लाकडाच्या छताखाली ते पेटवणे हा गुन्हा ठरू शकतो. नारळ, नाणी किंवा सिगारेट ‘सैनिकांसाठी’ ठेवून येणेही टाळावे. ते उचलण्याचे काम शेवटी दुसऱ्याच कोणाला तरी करावे लागते.

स्वच्छतागृहाची सोय आधीच करून घ्यावी. बाल्टिमोर पाइकवरील राष्ट्रीय लष्करी उद्यानाच्या अभ्यागत केंद्रात ती उत्तम आहे, पण ते केंद्र संध्याकाळी बंद होते.

## ४. वाट आणि गाडी

पूल गावाच्या नैर्ऋत्येला, साधारण तीन मैलांच्या आसपास आहे. नकाशात ‘सॅक्स कव्हर्ड ब्रिज’ असे पूर्ण नाव घालावे. केवळ ‘कव्हर्ड ब्रिज’ घातल्यास पेनसिल्व्हेनियातील दुसऱ्याच एखाद्या पुलाकडे वाट निघते, कारण या राज्यात असे पूल पुष्कळ आहेत. पम्पिंग स्टेशन रोडवरून वॉटरवर्क्स रोडला लागावे. पुलावरून गाडी जात नाही, त्यामुळे नकाशाने पूल ओलांडून पलीकडे जाण्याची सूचना दिली तर ती सरळ दुर्लक्षावी.

येथे होणारी एक चूक थोडी तपशीलवार सांगतो. रणभूमीवरील उद्यानाचे अंतर्गत रस्ते, उदाहरणार्थ वेस्ट कॉन्फेडरेट अव्हेन्यू, उजेडाच्या वेळेपुरते खुले असतात. सध्याच्या नियमानुसार सूर्योदयापूर्वी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास. दुपारी त्या रस्त्याने पुलाकडे आलेली मंडळी अंधार पडल्यावर त्याच रस्त्याने परत निघतात आणि अडचणीत येतात. म्हणून येतानाच परतीची सार्वजनिक रस्त्यांची वाट ठरवून मोबाइलमध्ये उतरवून ठेवावी. ओढ्याच्या खोलगट भागात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही.

गाडी आखून दिलेल्या जागेतच लावावी. शेताच्या फाटकासमोर, कोणाच्या खासगी वाटेवर किंवा रस्त्याच्या कडेच्या गवतात लावू नये. आसपासची जमीन शेतकऱ्यांची आहे, आणि ‘जरा पलीकडून फोटो घेतो’ म्हणून कुंपण ओलांडणे अमेरिकेत साधी आगळीक मानली जात नाही.

तपासणी: गाडीचे तोंड परतीच्या दिशेने आहे, मौल्यवान वस्तू बाहेरून दिसत नाहीत, आणि मागे राहणाऱ्या एका माणसाला आपण कोठे आहोत व किती वाजता फोन करू हे कळवले आहे. अडचणीत 911 हा क्रमांक लावावा.

## ५. उजेडातली पाहणी

हा टप्पा सर्वांत लांब असावा. तासभर दिला तरी चालेल.

प्रथम पूल बाहेरून, काठावरून पाहावा. छत आणि बाजूच्या फळ्या कशासाठी आहेत हे येथे समजते: भार पेलणाऱ्या जाळीला पाऊस आणि ऊन लागू नये म्हणून. उघड्यावरचा लाकडी पूल थोड्या वर्षांत कुजतो, छताखालचा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. ओढ्यात उतरू नये. काठावर तीन-तीन पानांचा चकचकीत वेल दिसला तर त्याला हात लावू नये. ती पॉयझन आयव्ही असते आणि तिच्या रसाने अंगावर फोड उठतात.

मग आत यावे आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत जावे. फळ्यांवरून कोणती पावले वाजतात, कोणती फळी हलते, कोठे फट आहे, हे वहीत लिहावे. जाळीच्या एका जोडाशी थांबून नीट पाहावे. दोन जाड फळ्या तिरक्या एकमेकींवर येतात आणि त्यांच्यातून गोल लाकडी खुंट्या आरपार गेलेल्या असतात. असे जोड दोन्ही भिंतींभर पसरलेले आहेत. दिवसभर तापलेले लाकूड संध्याकाळी आकसू लागले की या जोडांतून आणि पायाखालच्या फळ्यांतून ‘टक्‌’ असा आवाज सुटतो, कधी एका टोकाला, कधी लगेच दुसऱ्या टोकाला. जोड आधी पाहिलेला असेल तर त्या आवाजाने दचकायला होत नाही.

पुढील गोष्टी याच वेळी नोंदवाव्यात:

1. वर तुळयांत पक्ष्यांची घरटी किंवा वटवाघळांच्या लेंड्या दिसतात का. दिसल्यास रात्री डोक्यावरून काय जाणार हे आताच कळते.
2. सूर्य कोणत्या बाजूला मावळणार आणि त्या वेळी जाळीच्या मोकळ्या जागांतून आणि फटींतून कवडसे कोणत्या भिंतीवर पडणार.
3. रस्त्यावरून येणाऱ्या गाडीचा आवाज पुलात कसा घुमतो. कोणाला तरी गाडीचा दरवाजा लावायला सांगून ऐकावे. दूरचा दणका आत वेगळाच ऐकू येतो.
4. वारा कोणत्या दिशेचा आहे आणि त्या दिशेला घर, चूल किंवा धूम्रपान करणारे कोणी आहे का. तंबाखूच्या वासाची चर्चा पुढे होणारच असते.

पायाखालची फळी 1863 ची आहे असे समजून कोणी तिच्यावर हात ठेवून डोळे मिटून बसते. 1968 पर्यंत यावरून गाड्या गेल्या आणि 1996 नंतर मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा तळाच्या फळीला सैनिकांचे पाय लागले असतील असे धरून चालू नये.

सावधान: लाकडावर नाव कोरणे, खुंटी किंवा खिळा उपटणे, ढलपी आठवण म्हणून खिशात टाकणे यांतले काहीही करू नये. आपल्या गडकिल्ल्यांच्या भिंतींवर बदाम आणि बाण कोरलेले पाहून आपण चिडतो. तोच नियम येथेही पाळावा. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मेटल डिटेक्टर आणि ड्रोन दोन्ही वापरण्यास बंदी आहे, त्यामुळे गाडीत ते असतील तर गाडीतच राहू द्यावेत.

## ६. संधिप्रकाशात थांबणे

सूर्यास्ताच्या थोडे आधी सर्वांनी एका जागी स्थिर बसावे किंवा उभे राहावे आणि बोलणे बंद करावे. ही सूचना पाळायला सर्वांत कठीण जाते, पण ती पाळल्याशिवाय पुढच्या टप्प्याला अर्थ नाही.

या अर्ध्या तासात चार बदल होतात. ओढ्याच्या खोलगट भागात थंड हवा उतरून साचते, त्यामुळे पुलाच्या मध्यावर गारवा जाणवतो. निरभ्र आणि वारा नसलेल्या संध्याकाळी हा फरक ठळक असतो. पाणी हवेपेक्षा उबदार असेल तर त्यावर धुक्याचा पातळ थर धरतो आणि तो प्रवाहाबरोबर सरकताना दिसतो. लाकूड बोलू लागते. आणि प्राणी जागे होतात. ईस्टर्न स्क्रीच आउल नावाचे लहान घुबड थरथरत्या, घोड्याच्या खिंकाळण्यासारख्या स्वरात ओरडते. कडाक्याच्या थंडीत कोल्ह्याच्या मादीची हाक तर एखादी बाई किंचाळावी तशी असते. हे दोन्ही आवाज निघण्यापूर्वी घरी एकदा ऐकून ठेवावेत.

गारवा मोजण्यासाठी काही जण बंदुकीच्या आकाराचा इन्फ्रारेड तापमापक आणतात आणि हवेत रोखून ‘येथे तापमान एकदम उतरले’ असे सांगतात. हे यंत्र हवेचे तापमान मोजतच नाही. समोर जो पृष्ठभाग असेल त्याचे मोजते. फळीवरून नेम सरकून फटीपलीकडच्या आकाशाकडे गेला की आकडा कोसळतो. हवेचा गारवा मोजायचा असेल तर साधा तापमापक दोरीने टांगावा आणि दर दहा मिनिटांनी आकडा लिहावा.

तपासणी: सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने वहीत किमान वेळ, तापमान, वारा आणि ऐकलेले आवाज आलेले असावेत. काहीच लिहिलेले नसेल, तर पुढचा टप्पा सोडून परत फिरावे.

## ७. अंधारातील थोडा वेळ

फलकावरील नियम परवानगी देत असतील तरच हा टप्पा करावा, आणि तो अर्ध्या तासापेक्षा लांबवू नये. इतर लोक असतील तर त्यांना नमस्कार करून आपण किती वेळ थांबणार हे सांगावे. गेटिसबर्गमध्ये भुतांच्या फेऱ्या नेणारे व्यावसायिक मार्गदर्शकही आहेत. एखादा गट आलाच तर आपण बाजूला व्हावे. लपून बसून दुसऱ्यांना घाबरवण्याचा विनोद येथे कोणी करू नये. घाबरलेला माणूस अंधारात ओल्या फळीवर पळतो आणि पडतो.

फोटो. फ्लॅश बंद ठेवावा. मोबाइलचा फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असल्याने समोरच्या धुळीचा, दवाच्या थेंबाचा किंवा किड्याचा प्रकाश सरळ भिंगात परततो, आणि भिंगाजवळचा तो कण अस्पष्ट, गोल आणि मोठा दिसतो. खात्री करायची असेल तर एकाने फळीवर बूट घासावा आणि दुसऱ्याने लगेच फ्लॅशने फोटो काढावा. वाटेल तेवढे गोळे मिळतात. त्यानंतर त्या विषयावर चर्चा उरत नाही.

मोबाइलचा नाइट मोड वापरताना आणखी एक गोष्ट पाळावी. या पद्धतीत कॅमेरा काही सेकंद प्रकाश गोळा करतो, आणि तेवढ्यात चौकटीतून कोणी चालत गेले तर ती व्यक्ती अर्धपारदर्शक उमटते, कधी तिचे पायच उमटत नाहीत. म्हणून फोटो घेण्यापूर्वी मोठ्याने सांगावे, सर्वांनी स्थिर राहावे, आणि तिपाईवरून तीच चौकट लागोपाठ तीनदा घ्यावी. फक्त एकाच फोटोत काही दिसले तर त्याची नोंद करावी, निष्कर्ष काढू नये.

आवाज. रेकॉर्डर हातात किंवा खिशात धरू नये, कारण कपड्याचा घासण्याचा आवाज कुजबुजीसारखा येतो. तो स्थिर ठेवून सुरुवातीला तारीख, वेळ आणि हजर माणसांची नावे बोलावीत. मध्ये कोणी खोकले, पोट गुरगुरले, दूर गाडी गेली, तर त्याच क्षणी ‘हा माझा खोकला’, ‘ही गाडी’ असे बोलून ठेवावे. हे न केल्यास दुसऱ्या दिवशी स्वतःचाच उसासा ओळखू येत नाही. काही जण अंधाराला मराठीत प्रश्न विचारतात. विचारायला हरकत नाही, पण 1863 मधील व्हर्जिनियाच्या शेतकऱ्याच्या मुलाकडून उत्तराची अपेक्षा मात्र बेताचीच ठेवावी.

भुतांच्या शोधासाठी काही जण वापरतात तो विद्युतचुंबकीय मापक आणला असेल तर सर्वांचे मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकावेत. तसे न करता दिसलेला प्रत्येक ‘झटका’ बाद समजावा.

सावधान: सोबतचे मूल किंवा वडीलधारी व्यक्ती घाबरली, तर ‘काही नाही हो, थांबा’ असे म्हणत बसू नये. लगेच दिवे लावून सर्वांनी एकत्र निघावे. एकाला गाडीत बसवून बाकीच्यांनी परत पुलावर जाणे ही चूक वारंवार होते.

## ८. परतीचा प्रवास आणि घरची तपासणी

निघताना माणसे मोजावीत, कचरा उचलावा आणि आधी ठरवलेल्या सार्वजनिक रस्त्यानेच जावे. या भागात संध्याकाळी आणि पहाटे हरणे रस्त्यावर येतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या माजाच्या काळात विशेष. वेग कमी ठेवावा. एक हरीण ओलांडून गेले तर मागे दुसरे असण्याची शक्यता धरावी. समोर आलेच तर स्टिअरिंग झटक्याने न वळवता आपल्याच मार्गिकेत ब्रेक दाबावा. झाडावर आदळण्यापेक्षा ते बरे.

वहीतील नोंदी त्याच रात्री पूर्ण कराव्यात, पण एकमेकांना न विचारता. प्रत्येकाने आपापले लिहून झाल्यावरच कागद एकत्र वाचावेत. गाडीत गप्पा मारून झाल्या की पाच जणांचा एकच अनुभव तयार होतो, आणि मग कोणी काय खरोखर ऐकले हे वेगळे काढता येत नाही. फोटो आणि ध्वनिमुद्रण मात्र दुसऱ्या दिवशी, झोप झाल्यावर पाहावे. शंकास्पद जागी पहिल्या टप्प्यातील कागद, पाचव्या टप्प्यातील यादी आणि रेकॉर्डरवर बोलून ठेवलेल्या खुणा, या तिन्ही एकदा ताडून पाहाव्यात.

झोपण्यापूर्वी आंघोळ करून अंगभर गोचीड शोधावी: गुडघ्यांच्या मागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, कानांमागे आणि मुलांच्या केसांत. लाइम रोगाचा संसर्ग व्हायला गोचीड सहसा 24 तासांहून अधिक काळ चिकटून राहावी लागते, म्हणून त्याच रात्रीची तपासणी महत्त्वाची. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ वर ओढावी. तेल, नेलपॉलिश किंवा काडीची आच लावू नये. जागा साबण-पाण्याने धुवावी, तारीख लिहून ठेवावी, आणि पुढील काही आठवड्यांत ताप आला किंवा लाल चट्टा पसरू लागला तर ती तारीख डॉक्टरांना सांगावी.